पोटदुखीवरचे काढे आणि एक चोरचोळी

मी आजवर इतके काढे प्यायलेय की मोजदाद सोडून दिली. लग्न होऊन कुंभार पिंपळगावात आले आणि दुसऱ्याच महिन्यात पाळीच्या दुखण्यानं शिलाई मशीनवर डोकं टेकून बसले. तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पहिला काढा दिला, शेपा आणि गूळ. त्यानं फरक पडेना म्हणून ओव्याचं पाणी. मग बेंबीत हिंग. मग रिकाम्या पोटी गरम दुधातून एरंडेल. एरंडेलानं जे व्हायचं ते झालं, आणि त्या दिवशी एकाची दोन दुखणी झाली.

मी घरीच ब्लाउज शिवते. पायानं मशीन मारायची म्हणजे सगळा ताण ओटीपोटावर. शिवायला टाकणारी प्रत्येक बाई माप देता देता औषध सांगून जायची. कुणी म्हणे मेथ्या भिजवून खा, कुणी म्हणे अशोकाची साल उकळ. एकीनं मोबाइलवर बघून सांगितलं, गहू सोड, दूध सोड, मैदा सोड. अगं बाई, आमच्यात दोन्ही टाइम ज्वारीची भाकरी, चहासुद्धा कोरा, सोडायला उरलंय काय? रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली गत. खोटं कशाला बोलू, शेकानं बरं वाटायचं. चुलीजवळ तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून पोटाशी धरली की तासभर सुटका व्हायची. पण ती वीट घेऊन दोन तास आडवी हो, असं कुणाच्याच औषधात नव्हतं. वीट मांडीवर, पाय मशीनवर.

शेवटी लग्नाला पाच वर्षं होत आली तेव्हा ह्यांनी, म्हणजे नवऱ्यानं, मला जालन्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली आणि कागदावर चित्र काढून समजावलं. एंडोमेट्रिओसिस. गर्भपिशवीच्या आत असतं तसलं अस्तर पिशवीच्या बाहेर वाढतं, दर महिन्याला तिथं सूज येते, म्हणून जीव जातो. मी काढ्यांची यादी वाचली तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, शेक घ्या, चाला, ओवा प्यायचा तर प्या, आराम तर कराच. पण त्याच्या जोडीला ही गोळी, रोज एक, सहा महिने, मधे खंड नको. पाळी थांबेल, घाबरू नका. त्यानंतर मुलाबाळाचं बघू. मी ठरवलं, जगबुडी आली तरी सहा महिने गोळी चुकवायची नाही.

आत्याबाईंना आजाराचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आसल काहीतरी उष्णतेचं." पाळी थांबेल हे मात्र सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर त्यांनी गोळ्या चुलीत घातल्या असत्या.

आमच्यात पाळीचे चार दिवस देवाला शिवत नाहीत. त्या दिवसांत देवापुढचा दिवा आत्याबाई लावतात, त्यामुळे माझ्या तारखा त्यांना माझ्यापेक्षा पाठ. दोन महिने मी रोजच्या रोज दिवा लावत राहिले. तिसऱ्या महिन्यात एके सकाळी त्यांनी माझ्या हातातली बादली काढून घेतली. "जड उचलू नको. जा, पड जरा."

मला वाटलं, देव पावला, दुखणं कळलं एकदाचं. गोळीनं अर्धं दुखणं कमी झालं होतं, अर्धं होतंच. मी पडले. दुपारी दुधाचा पेला आला. ताटातली तिळाची चटणी गेली, पपई शेजारी गेली. तेव्हा डोक्यात उजेड पडला. दिवस गेलेत असं धरून चालल्या होत्या त्या. आणि तीन महिने व्हायच्या आत असं काही तोंडानं बोलत नाहीत, दृष्ट लागते, म्हणून मला विचारतही नव्हत्या.

मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. न्हाई बोलले. चार दिवस पंख्याखाली झोपले, भर दुपारी, पोटाशी वीट धरून. लाज वाटत होती आणि झोपही लागत होती, दोन्ही बराबर. काढ्यानं जे झालं नव्हतं ते त्या चार दिवसांत झालं, अंग हलकं झालं.

पाचव्या दिवशी शेजारच्या तिघी जणी मागच्या दारानं आल्या. पाट मांडला, ओटीचं सामान काढलं आणि वर हिरवी चोळी. चोरचोळी म्हणतात तिला, पहिलटकरणीला तिसऱ्या महिन्यात गुपचूप करतात. माझा जुना ब्लाउज मापाला नेऊन बाहेरून शिवून आणली होती. अख्ख्या गावाचे ब्लाउज मी शिवते आणि माझी चोळी परक्या हातची, काखेत ओढणारी! मी त्याच्यावरच चिडून बसले, कारण दुसऱ्या गोष्टीचा विचार करायची हिंमत नव्हती. तेवढ्यात आत्याबाई कुंकू लावता लावता म्हणाल्या, "त्या जालन्याच्या गोळ्या म्या सकाळीच उचलून ठिवल्यात. आता बिलकुल खायच्या न्हाईत. लेकराला बाधतील."

मग बोलावंच लागलं. "आत्याबाई, दिवस न्हाई गेले. त्या गोळ्यांनीच पाळी थांबलीय."

जिच्या हातात नारळ होता ती तशीच उभी राहिली. मग तिघींनाही एकदम घरचं काम आठवलं. आत्याबाईंनी पाटावर सांडलेले तांदूळ एकेक करून वेचले. माझा जीव तुटत होता. पाच वर्षं नातवंडाची वाट बघत होत्या त्या, आणि मी चार दिवस त्यांना फसवलं होतं. त्या उठल्या, डाळीच्या डब्यातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"मंग चार दिस कशाला पडून राह्यली व्हती?"

"दुखत होतं म्हणून."

"ते तर पाच वर्सांपून दुखतंय," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता. ह्यात नवीन काय, हे त्यांना खरंच कळत नव्हतं.

आणि मी आपली पाच वर्षं समजत होते, किती दुखतं ते त्यांना माहीतच नाही.