मोरपंखी रोबो

उदगीरच्या बाजारात सिंधूचं मॅचिंग सेंटर आहे. बाया साडी घेऊन येतात, सिंधू पदर हातात धरून दुकानाच्या पायरीवर जाते, उन्हात तो उलटसुलट करून बघते आणि आत येऊन नेमक्या त्याच रंगाचं अस्तर काढते. ट्यूबच्या उजेडात तिने कधी कुणाला रंग दिला नाही.

यंदा भाऊबीजेला तिचा धाकटा भाऊ शिवशंकर नांदेडहून आला. दरसाल तो साडी आणायचा आणि सिंधू दरसाल त्या साडीच्या रंगाला नावं ठेवायची. यंदा ओवाळून झाल्यावर त्याने ताटात एक खोका ठेवला.

"हे काय रं शिवा?"

"उघड की, अक्का."

आत प्लास्टिकचा रोबो होता. मोरपंखी अंग, नारंगी हात. सिंधूची नजर त्याच्या चौकोनी डोक्यावर गेली आणि ती पाटाशेजारीच खाली बसली.

"अगं बाई! हा आपला क्रेनवाला हाय!"

हिमायतनगरजवळच्या त्यांच्या गावात असला रोबो एकच होता. वडील कापूस घालायला नांदेडला गेले होते, तिथून त्यांनी तो लालभडक रोबो शिवासाठी आणला. हातपाय दुमडत गेलं की त्याची क्रेन व्हायची. "गाडी घ्यावी का माणूस, मला ठरंना," वडील म्हणाले होते, "मग दोन्ही असल्यालं उचललं."

शिवा तेव्हा लहान. त्याला ते जमायचंच नाही. तो हात ओढायचा, पाय पिरगाळायचा आणि शेवटी रडत चुलीपाशी यायचा. सिंधू भाकरी थापत असायची. पिठाचे हात परकराला पुसून ती रोबो घ्यायची आणि कटाकट घड्या घालून द्यायची. मग दिवसभर तो मागे मागे. "अक्का, गाडी कर." थोड्या वेळाने, "अक्का, आता माणूस कर." खेळायचा तो. हिच्या वाट्याला येई तेवढी मधली घडी. कधीकधी ती मुद्दाम उशीर लावायची, "थांब, अडकलंय," म्हणायची आणि क्रेनचा हूक दोन-चारदा खालीवर करून घ्यायची.

सिंधूचं लग्न झालं, शिवा शिकायला नांदेडला गेला आणि माय तारामतीने एक दिवस तो रोबो भंगारवाल्याला देऊन लसूण घेतला.

"लाल न्हाई मिळाला?" सिंधूने विचारलं.

"कंपनीनं आता ह्याच रंगात काढलाय. साचा तोच हाय म्हणत होता दुकानवाला."

"त्याचं काय ऐकतोस? मी बघते ना."

ती रोबो घेऊन घराच्या पायरीवर गेली. उन्हात फिरवून पाहिला. पाठ पाहिली, तळवे पाहिले. "मोरपंखी चांगला उतरलाय. नारंगी मातर लई भडक. आपला कसा कुंकवासारखा होता. आन छाती पांढरी."

"निळी होती, अक्का."

"पांढरी!"

भांडण मिटेना, म्हणून शिवशंकरने गावाकडे फोन लावला. तारामतीने दोघांचंही ऐकून घेतलं. "मला काय ठाव रं? सदा मातीनं भरल्यालं असायचं ते. सणाचं जेवलाव का न्हाई दोघं?"

दोघं हसत सुटली. हसता हसताच सिंधूने घड्या घालायला घेतल्या. मान आत, हात मागे, कंबर अर्धी फिरवायची. बोटांना सगळं येत होतं. फक्त गुडघ्याशी ती थांबली. जुन्याचा गुडघा ढिला होता, आपसूक वळायचा. हा कडक निघाला. तिने अंगठा रेटला, टक्कन आवाज झाला आणि हातात क्रेन आली.

शिवशंकर बघत राहिला. "मला अजून येत न्हाई," तो म्हणाला. "दुकानात खटपट करून पाहिली. शेवटी तिथं कामाला असल्याल्या पोरीनंच करून दाखवलं."

"मग घेतलास कशाला?"

"तेव्हाचा माझ्या नावानं आलता, अक्का. हा तुझ्या नावानं घेतलाय."

सिंधूने हूक खाली सोडला, वर घेतला, पुन्हा सोडला. आतून नवऱ्याने, मलप्पाने हाक मारली, पानं वाढली होती.

"साचा तोच हाय," ती उठत म्हणाली. "रंग आपला न्हाई. पण राहू दे. कुंकवाचा आणला असतास तर मी सारखी जुन्याशीच लावून बघत बसले असते."

आता तो दुकानात गल्ल्याशेजारी उभा असतो. सकाळी ती त्याला माणूस करते, दुपारी गिऱ्हाईक नसलं की गाडी. मागच्या आठवड्यात नीलाबाई आली, मुलीच्या साखरपुड्यासाठी ब्लाउजपीस बघायला. ढीगभर कापड उलगडून झालं, एकही पसंत पडेना. मग तिचं लक्ष गल्ल्याकडे गेलं.

"सिंधूताई, असला रंग दावा की. त्या बाहुल्याच्या अंगाचा."

सिंधूने रोबो उचलला आणि नीलाबाईला घेऊन उन्हात गेली.