संपदाताईचा पट्टा

अळिवाचा लाडू बशीत फोडून, त्यातले दाणे बोटावर घेऊन उजेडात न्याहाळणारी बाळंतीण मी आजवर एकच पाहिली. संपदाताई. डोंबिवलीतल्या आमच्या ढोलपथकाची ती प्रमुख. मी तिच्या पथकात ताशा वाजवायचे आणि उरलेल्या वेळात एका महिला संघटनेची, बायकांच्या आरोग्यावरची पत्रकं घरोघरी वाटायचे. बाळ बघायला गेले, तर तिच्या मांडीवर बाळ आणि शेजारी वाटीत भिजवलेले अळीव.

"ये भोंगा," ती म्हणाली. हे नाव तिनंच मला ठेवलेलं. "हे बघ, पाण्यात पडल्यावर केवढे फुगले. आता पोटात गेल्यावर ह्यांचं दूध कसं होतं, सांग."

"होतं असं म्हणतात."

"कोण म्हणतं? कुणी बघितलंय?"

हे तिचं पालुपद. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात ती प्रयोगशाळेत काम करायची, पण ही सवय तिथली नव्हे. ती जन्मतःच तशी असणार. नवा ढोल आला की सगळे तो वाजवून बघत. ही आधी त्याच्या चामड्याच्या पानाला कान लावून बसायची, मग वास घ्यायची, मग म्हणायची, "बघू तरी काय होतं."

तिच्या सासूबाई, आमच्या काकू, मूळच्या संगमेश्वरकडच्या. त्या स्वयंपाकघरातून ओरडल्या, "खा गो मुकाट्यानं! लाडवाची कसली परीक्षा घेतेस?" जुन्या सुती लुगड्याची रुंद पट्टी फाडून त्या रोज तिचं पोट बांधायच्या. त्या दिवशीही माझ्यासमोरच बांधलं.

"आई, ह्यानं पोट आत जातं की नुसतं वर सरकतं?"

"गप. श्वास आत घे."

बाळ बघायला येणाऱ्या बायकांचं एक मला कधी कळलं नाही. आत बसून म्हणणार, "भातावर तूप घे भरपूर, दूध आलं पाहिजे." आणि चपला घालताना त्याच तोंडानं म्हणणार, "पण वेळीच आवर हो, नाहीतर अशीच राहशील." एकीनं तर तिच्या लग्नाचा फोटो भिंतीवरून काढून हातात घेतला आणि मान हलवली, जणू फोटोतली मुलगी वारली. माझं डोकं सणकलं. मी तोंड उघडणार, तोच संपदाताई हसून म्हणाली, "मावशी, तूप खायचं आणि आवरायचं, दोन्ही एकदम कसं करतात? करून दाखवा ना. मला खरंच बघायचंय." मावशी पुन्हा आल्या नाहीत.

ज्या दवाखान्यात तिचं बाळंतपण झालं, तिथे भिंतीवर एक चित्र होतं. सपाट पोटाची, नटलेली बाई, कुशीत बाळ, आणि खाली ओळ: 'अंगावर पाजा, वजन आपोआप उतरवा.' मी ते पाहून भडकले. दूध बाळासाठी असतं की कंबरेसाठी? पाजणाऱ्या बाईलासुद्धा आरशासमोर उभं केल्याशिवाय ह्यांना चैन पडत नाही!

"तू भडकत बस," संपदाताई म्हणाली. "मी पाजतेय. माझं का उतरत नाही, ते सांग."

"त्यावर पत्रक नाही आमचं."

"मग कसली गं तुझी संघटना?"

तिला हे कळायला हवं होतं, कारण पाडवा जवळ येत होता. फडके रोडवर पाडव्याच्या शोभायात्रेत आमच्या पथकाच्या पहिल्या रांगेतला मधला ढोल तिचा. पथक निघाल्यापासून तिचाच. खाडीकडच्या मैदानात सराव सुरू झाला तेव्हा बाळ चार महिन्यांचं होतं. पहिल्या दिवशी तिनं ढोल उचलला, पट्टा कंबरेभोवती घेतला आणि थांबली. बक्कल शेवटच्या भोकापर्यंतसुद्धा पोचेना.

रोहित म्हणून एक मुलगा मागून म्हणाला, "ताई, ह्यातला ढोल कुठला नि पोट कुठलं?"

"टिपरू हाण," ती वळलीसुद्धा नाही. "आवाज आला तर ढोल. मुस्काटात आली तर मी."

मैदान हसलं. तीही हसली. पण ताशा घेऊन मी तिच्या अगदी बाजूला होते. पट्टा ढोलाच्या कडीला परत अडकवताना तिचं हसणं निघून गेलेलं मला दिसलं. "पाडव्याला मीच असणार मधे," ती हळू म्हणाली. "आणि ह्याच पट्ट्यात. बघू तरी." तिचं 'बघू तरी' एरवी उघड्या खिडकीसारखं असायचं. त्या दिवशी ते दात आवळून आलं.

मग तिनं रात्रीचं जेवण सोडलं. सकाळी लिंबूपाणी. काकूंचे लाडू गुपचूप माझ्या डब्यात येऊ लागले. चविष्ट होते, खोटं कशाला बोलू! पण मी तिला सुनावलं, "उपाशी राहून पाजणार? अगं, हे कोणासाठी चाललंय?" ती म्हणाली, "तुझं भाषण झालं की एक गंमत सांगते. तू ताशाची तर्री, ती काड्यांची न थांबणारी थरथर, सुरू केलीस ना, की माझं दूध सुटतं. घरी बाळ रडल्यावर सुटतं तस्सं! ताशाचं रडणं आणि बाळाचं रडणं अंगाला सारखंच वाटतं की काय गं?" डोळे मोठे करून ती हे असं सांगत होती, की मीही राग विसरून विचार करत बसले.

पण गंमत कुर्त्यावर दिसायची, आणि मैदानात पोरं असायची. म्हणून तिनं पोटाची ती सुती पट्टी वर छातीवर घट्ट गुंडाळायला सुरुवात केली. सराव लांबायचा, पाजायची वेळ टळायची, आणि पट्टी तशीच. पाडव्याला आठवडा राहिला असताना ती सरावाला आली नाही. घरी गेले तर अंथरुणात, थंडी वाजून ताप. एका बाजूला छातीत दगडासारखी गाठ, वर लाल झालेली. बाळ भुकेनं चिडलेलं. काकू बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होत्या आणि त्या पट्टीकडे बघायचं टाळत होत्या.

डॉक्टरबाईंकडे मीच नेलं तिला. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "छाती बांधायची नाही. पाजणं थांबवायचं नाही, ह्या बाजूनंही पाजायचं. आणि जेवायचं, पोटभर."

तापानं फणफणलेली संपदाताई खुर्चीत पुढे सरकली. "मग वजन? भिंतीवर लिहिलंय आपोआप उतरतं."

"काहींचं उतरतं. काहींचं पाजणं सुटेपर्यंत हलत नाही. प्रत्येकीचं शरीर वेगळं वागतं."

"का पण?"

डॉक्टरबाई पेन खाली ठेवून म्हणाल्या, "खरं सांगू? सगळं आम्हालाही माहीत नाही."

बाहेर आल्यावर रिक्षात तिनं माझा हात घट्ट धरला. "भोंगा, ऐकलंस? त्यांनाही माहीत नाही!" जणू मोठं बक्षीस मिळालं होतं. थोड्या वेळानं, रस्त्याकडे बघत, अगदी वेगळ्या आवाजात म्हणाली, "म्हणजे माझं काही चुकत नव्हतं."

त्या दिवसापासून माझा लाडवांचा डबा बंद झाला.

पाडव्याला ती येईल असं कुणाला वाटत नव्हतं. मधला ढोल रोहितनं उचलला होता. तेवढ्यात गर्दीतून नऊवारी नेसून ती आली, आणि तिच्यामागे काकू. बाळाला बाजूच्या गल्लीत नात्यातल्या घरी, आवाजापासून लांब, त्याच्या बापाजवळ ठेवून आल्या होत्या. महिनाभर ह्याच काकू घर डोक्यावर घेत होत्या: अंगावर पितं पोर घरात आणि ही निघाली ढोल बडवायला! रोहितनं ढोल उतरवून तिला दिला. पट्टा अर्थातच पुरेना.

"थांब गो," काकू म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी तीच लुगड्याची पट्टी काढली, स्वच्छ धुतलेली. पट्ट्याच्या एका टोकाला गाठ मारली, दुसऱ्या टोकाला मारली. संपदाताईनं सवयीनं पोट आत ओढलं.

"श्वास आत नको घेऊस," काकू म्हणाल्या. "सोड. सोडून उभी राहा."

ती सोडून उभी राहिली. काकूंनी बांधलं. मग तिनं टिपरू उचललं, आणि मी ताशावर तर्री धरली.

मधेच एका चौकात ढोल रोहितकडे देऊन ती गल्लीत धावली. मीही मागे. जिन्याच्या पायरीवर बसून ती पाजायला लागली. मी पाठीला बांधून आणलेला फलक सोडला: 'आईचं शरीर, आईचा निर्णय.'

"दारात धरून उभी राहू?"

"फलक ठेव खाली," तिच्याच केसांतून बाळाच्या टाळूवर सांडलेला गुलाल पदरानं पुसत ती म्हणाली. "पाणी आण आधी. घसा सुकलाय."

मी पाणी आणायला गेले.

पुढच्याच वर्षी नवऱ्याच्या नोकरीमुळे ती बडोद्याला गेली. पट्टा आमच्याकडे राहिला, मधल्या ढोलाला, काकूंच्या गाठींसकट. गेल्या पाडव्याला तिचा आवाज आला फोनवर, मागे पोरगं थाळी बडवत होतं. "भोंगा, माझ्या पट्ट्यात यंदा कोण आहे गं? बारीक असेल तर पट्टी सोडून दे तिला. पण टाकू नकोस हं. लागते."