सावलीला जाऊन येते

दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि पुढच्याच आठवड्यात मी गाव सोडलं, तेही भर दुपारी. नव्या गावाच्या फाट्यावर मी, आबा, एक पत्र्याची पेटी आणि एक प्लास्टिकची बादली एवढेच उभे होतो. निरोप द्यायला एक कुत्रंही आलं नव्हतं. त्याचा राग मानण्यात अर्थ नव्हता, कारण उन्हाळ्यात दुपारी आमच्या नव्या गावात कुणी नसायचंच. सगळे जुन्या गावात असायचे, सावलीला.

निलंग्याहून लातूरला जाणारी एसटी आली. आबांनी पेटी सीटखाली सरकवली आणि म्हणाले, "खिडकीपाशी बस. मागं बघत बसू नगंस, गाडी लागती." एवढाच त्यांचा उपदेश. पुढं चार पावलांवर रस्ता जुन्या गावाच्या कडेनं जातो. चिंचांच्या खालून एकदम पंचवीस-तीस हात वर झाले, पोरं गाडीमागं पळाली, कुणीतरी ओढणी हलवली. माय मात्र त्या घोळक्यात नव्हती. ती कडुलिंबाच्या झाडापासून जराशी लांब, तिच्या नेहमीच्या जागी उभी होती, अर्धी सावलीत आणि अर्धी उन्हात, कपाळावर आडवा हात धरून. मी मागं बघत राहिले. लामजना पाटी यायच्या आत गाडी लागली.

आपल्या गावाच्या ग्रुपवर हल्ली जी पोरं आहेत, त्यांना हे दोन गावांचं प्रकरण नीट माहीत नसतं. पुण्यात, हैदराबादेत जन्मलेल्या तुमच्या लेकरांना तर नाहीच. म्हणून सांगते. भूकंप झाला तेव्हा मी पाच वर्षांची होते. दगडमातीची घरं, वर मातीचं जड माळवद. त्या पहाटे सगळं एकदम खाली आलं. माझा तान्हा भाऊ सिद्धू त्यात गेला. मायच्या पायावर तुळई पडली होती, ती पुष्कळ दिवस सोलापूरच्या दवाखान्यात होती. मला आत्याच्या अंगणातली एक बाज आणि लष्कराच्या गाड्या, एवढंच आठवतं.

मग सरकारनं माळावर नवं गाव वसवलं. सरळ रेषेत घरं, दोन गाड्या जातील असे रस्ते, विजेचे खांब. वरचा पातळ स्लॅब एप्रिलमध्ये तव्यासारखा तापायचा. घरं देता येतात, रस्ते देता येतात, पण जुनं झाड कुठून आणणार? माळावर गुडघ्याएवढी रोपं लावली होती, ती आमच्याआधी शेळ्यांना सापडली. जुन्या गावात मशीन फिरवून भिंती सपाट केल्या होत्या, पण झाडं तशीच होती. चावडीपाशी चिंचांचा दाट पुंजका, आणि खालच्या अंगाला, आमच्या बौद्धवाड्याच्या कडेला, एकटा लिंब.

पाडवा झाला की सुरू व्हायचं. सकाळचं काम आटोपलं, भाकरी बांधल्या, बिंदगीत पाणी घेतलं, बगलेत चटई मारली की गाव निघालं. कुणी विचारलं तर एकच उत्तर, "सावलीला जाऊन येते." उन्हं उतरली की परत. सबंध गाव नोकरीला निघाल्यासारखं रोज मेलेल्या गावात जाऊन बसायचं, आणि यात काही विचित्र आहे असं कुणाला वाटत नव्हतं.

खरं सांगू? माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस ते. बायका चिंचा फोडत बसायच्या. चिंचोके आमचे. ते भाजून गालात धरले की दुपार सरेपर्यंत पुरायचे. कैरीचा तक्कू, कालची भाकर, फोडलेला कांदा. गारीगारवाला सायकलवर भोंगा वाजवत थेट जुन्या गावात यायचा, कारण गिऱ्हाईक सगळं तिथं. आम्ही भातुकली खेळायचो तीही खऱ्या घरांत. जोत्याचे दगड शिल्लक होते, एखादा उंबरठा होता. "हे आमचं सैपाकघर" म्हटलं की ते खरोखरच कुणाचं तरी सैपाकघर असायचं. खेळताना मातीत काहीबाही सापडायचं, बांगडीचा तुकडा, पितळी झाकण, पाटीचा कोपरा. आमच्यात एक रीत पडली होती की सापडलेलं खिशात घालायचं नाही, थोरांना नेऊन दाखवायचं. मग एखादी आजी झाकण उलटंपालटं करायची आणि म्हणायची, "हे गंगूबाईचं. जा, दिऊन ये तिच्या सुनंला." आम्ही धावत नेऊन द्यायचो. ती सून ते पदरात धरून बसायची आणि आम्ही पुन्हा खेळायला पळायचो. आमच्या घरातलं मात्र कधी काही सापडलं नाही.

सावलीलाही गल्ल्या होत्या. जो तो आपल्या जुन्या आळीच्या अंगाला बसायचा. आमचे लोक लिंबाकडं. त्यातही माय बुंध्याला टेकून कधी बसली नाही. दहा-बारा पावलं अलीकडं, जिथं सावली विरळ व्हायची तिथं तिची चटई. दुपार कलली की तिच्या अर्ध्या अंगावर ऊन यायचं. मी वैतागायचे. "माय, चावडीपाशी चल की. तिकडं कसलं गार वाटतंय." ती हातातली चिंच खाली न ठेवता म्हणायची, "हितंच बरं हाय."

मी जायचे चिंचांखाली, मैत्रिणींबरोबर. कुणी हाकललं नाही. एखादी म्हातारी आपली पाण्याची बिंदगी तेवढी जरा पलीकडं सरकवायची. सगळ्यांनी मिळून मरण बघितलं होतं, एका तंबूत एका रांगेत जेवले होते, तरी बिंदगी सरकवायची सवय काही गेली नव्हती. ते बघून मी माझ्यापुरता निकाल लावून टाकला. माय तिकडं येत नाही ती भीतीपोटी. जुनी माणसं, जुनी भीती. शिकून शहाणी झाल्यावर तर हा निकाल आणखीच पक्का झाला.

त्या एसटीनं मला लातूरला, मेडिकलच्या तयारीच्या व्हेकेशन बॅचला पोचवलं. व्हेकेशन म्हणजे सुट्टी, आणि आमची बॅच पहाटे साडेपाचला सुरू व्हायची. हा विनोद तेव्हा कुणालाच कळला नाही. लातूरची ती गल्ली तुमच्यापैकी निम्म्यांनी पाहिली आहे. खाली मेस, वर खोल्या, त्याच्यावर पत्रे, आणि चौकात पहिल्या आलेल्या पोरांचे घराएवढे फोटो. एका खोलीत आम्ही चौघी. दुपारी पत्रा तडतडायचा आणि आम्ही ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बायोलॉजी पाठ करायचो. मला वाटायचं, आत्ता गारीगारवाला आला असेल. पुढच्या उन्हाळ्यात बारावीची बॅच, त्याच्या पुढच्यात क्रॅश कोर्स, मग रिपीटरची बॅच. मेडिकल हुकलं ते हुकलंच. बी.फार्म. केलं आणि बंगळुरूला नोकरी लागली. कुठल्या गोळीनं कुणाला काय त्रास झाला याच्या नोंदी तपासायच्या, दिवसभर, स्क्रीनवर. आमचा फोटो चौकात लागला नाही. आमच्यासारख्यांचे लागत नाहीत, आणि आम्हीच जास्त आहोत.

बंगळुरूत घेतलेला फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. समोर उंच टॉवर, बाजूला त्याहून उंच. ऊन येत नाही. कपडे वाळायला दोन दिवस लागतात. दाखवणाऱ्या एजंटनं ते फार कौतुकानं सांगितलं होतं, मॅडम, उन्हाळ्यात एसी लागणार नाही.

आबा गेल्यापासून मायला इकडं आणायचा माझा धोशा चालू होता. पावसाळ्यात यायची, आठ दिवस राहायची. तिचं माहेर सीमेपलीकडलं, त्यामुळं कन्नड येतं, लिफ्टपाशी वॉचमनला "ऊटा आयता?", जेवण झालं का, असं विचारून तिनं आठ दिवसांत माझ्याहून जास्त ओळखी केल्या. पण उन्हाळ्यात येत नसे. पाडवा आला की तिला गाव पाहिजे. "अगं, सगळे उन्हाळ्याचे थंड गावाला जातात आणि तू थंड गावातून उन्हात चाललीस?" ती हसायची. एकदा फोनवर मी चिडून बोललेही, "किती दिवस त्या कडेच्या झाडाखाली बसणारेस? आता कोण काय म्हणतंय तुला?" पलीकडून आलं, "जेवलीस का?"

मधल्या काळात गावातही कूलर आले, मोबाइल आले, पोरं लातूरला आणि पुण्याला गेली. चिंचा एकेक करून वाळल्या किंवा विकल्या गेल्या. सावलीला जाणाऱ्या चार-पाच म्हाताऱ्या उरल्या. आणि मागच्या वर्षी कळलं की जुन्या गावाच्या जागेवर सोलर होणार. तुम्ही ग्रुपवर टाळ्यांची चित्रं टाकली होती. मीही टाकली. दिवसा वीज मिळेल, कुणाला नको आहे? चुलतभाऊ प्रकाशदादाला तिथं वॉचमनची नोकरी लागली. त्यानंच फोटो पाठवला, लिंब आडवा पडलेला. खाली लिहिलं होतं, पॅनेलवर सावली पडते म्हणून काढला.

माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली ते सांगते. आली ना माय आता. झाडच नाही तर बसणार कुठं?

यंदा मे महिन्यात तिला न्यायला गेले. बॅग भरायला घेतली. बाराच्या सुमाराला तिनं भाकर बांधली, बाटलीत पाणी भरलं, चटई उचलली.

"कुठं?"

"सावलीला जाऊन येते."

मी चपला घालून मागं निघाले. जुनं गाव आता ओळखू येत नव्हतं. जोत्याचे दगडही उचलून नेले होते. सपाट, तांबडी, रोलर फिरवलेली जमीन, आणि कडेनं कुंपणाचे खांब रोवत आणलेले. लिंबाचं खोडसुद्धा ठेवलं नव्हतं. मी म्हणाले, इथं काहीच नाही, चल परत. माय थांबली नाही. इकडं तिकडं न बघता, देवळीतला दिवा अंधारात हाताला लागावा तशी, ती चालत गेली, एका जागी थांबली, चटई टाकली आणि डोक्यावर पदर ओढून बसली. ऊन असं की माझे डोळे उघडेनात.

"माय, सावली न्हाई गं इथं."

"सावलीला कोण आलंय?"

तिनं चटईच्या कडेला तळहात टेकवला. "हितं पाळणा होता. माझी बाज ही हितं. हात लांबवला की हलवता यायचा."

मी खाली बसले. ती सावकाश, भाकर सोडता सोडता बोलत होती. "त्याला कुटं नेलं, काय केलं, मला कुणी दावलं न्हाई. मी दवाखान्यात. आले तवर समदं होऊन गेलतं. तुझ्या आबाला इचारलं, तर त्यो नुसता रडायचा. मग न्हाई इचारलं परत. मला ठाव हाय ती हीच जागा. लिंबापासनं बारा पावलं."

"आणि मला कधी सांगितलं नाहीस?"

"तू खेळून ऱ्हायलीस की हितं. दहा वर्सं. म्हटलं, एकाला तरी ही जागा चांगली वाटू दे."

माझ्या सुखाच्या सगळ्या दुपारी मी तिथून आठवून बघितल्या, तिच्या चटईवरून. चिंचोके, भोंगा, भातुकली. तशाच होत्या सगळ्या, फक्त मला त्या आता एकटीला आठवता येत नव्हत्या. मी रडले. तिनं पाण्याची बाटली पुढं केली आणि म्हणाली, थोडं थोडं पी, उन्हात एकदम पिऊ नये.

बंगळुरूचं नाव मी काढलं नाही. तीच उठताना म्हणाली, "कुंपण झालं की येते. तवर न्हाई."

प्रकाशदादाला विचारलं, कुंपण झाल्यावर तिला दुपारी तासभर आत सोडशील का? त्याचं तोंड उतरलं. "म्या सोडलं असतं गं बाई. काकू माझी न्हाई का? पर वरून सांगितलंय, कुणाला सोडायचं न्हाई. करंट असतोय. आन क्यामेरा हाय." तो खोटं बोलत नव्हता.

इतकी वर्षं माय यावी म्हणून देव नसलेल्या घरात नवस बोलणं तेवढं मी बाकी ठेवलं होतं. आणि या उन्हाळ्यात इथं बंगळुरूत परत येऊन मी रोज एकच मागत राहिले, कुंपण रखडू दे. तार संपू दे, ठेकेदार पळून जाऊ दे, लवकर पाऊस येऊ दे. प्रकाशदादाला फोन केला की तो कामाची खबर द्यायचा आणि मी ती नको असल्यासारखी ऐकायचे. ओढ्याची बाजू झाली. रस्त्याची बाजू झाली. आता बौद्धवाड्याकडचं तेवढं ऱ्हायलंय.

मागच्या रविवारी ग्रुपवर तुमची चर्चा चालली होती, आपलं गाव आता नेमकं कुठलं म्हणायचं, जुनं की नवं, की जिथं पगार होतो ते. मी काही लिहिलं नाही, कारण तेव्हाच मायचा फोन आला होता. एरवी ती आधी जेवलीस का विचारते. त्या दिवशी म्हणाली, "तिकीट काढ."

काढलं. परवा येतेय. आतल्या खोलीत तिची बाज लावली आहे, खिडकीपाशी. खिडकीसमोर टॉवरची भिंत आहे. तिला आता दिवसभर सावली मिळेल.