शाडूचा फासा

मुंबईच्या मावसभावाने एका मे महिन्यात कुठल्याशा परदेशी खेळाच्या पुस्तकाची झेरॉक्स आणली आणि आमच्या हमरापूरच्या गणपतींच्या कारखान्यातच विसरून गेला. इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं, पण खेळ कळला. एकाने भुयार सांगायचं, दुसऱ्याने त्यात शिरायचं, आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. भुयार मी सांगायचे. शिरायचा माझा चुलतभाऊ, आमचा दादा. त्याचा योद्धा दोन वर्षं त्या भुयारात वावरत होता.

असला फासा पेणच्या बाजारात कुठून मिळणार? दादाने शाडूचा घडवला, वाळवला आणि डोळे आखायच्या बारीक ब्रशने त्यावर आकडे काढले. पण मूर्तीवर ओला ब्रश फिरवून कडा मोडल्याशिवाय आमच्या घरात कुणाला काम पुरं झाल्यासारखं वाटत नाही. त्याने फाशाच्याही कडा मोडून गोल केल्या! मग काय, टाकला की थांबायचं नाव नाही. आम्ही आपले त्याच्यामागे रांगतोय.

दुपारी प्लॅस्टिकच्या छपरातून दुधासारखा उजेड यायचा. डोळे न आखलेल्या मूर्ती रांगेने बसलेल्या. टेपवर गुरगुरणाऱ्या गिटारींची कॅसेट, आणि दादा रंगाच्या रिकाम्या डब्यांवर साथ द्यायचा. "अगो, गाणी हायत का पत्रे कुटतायत?" काकू आतून ओरडायची. त्या गोंगाटात मला भुयार खरंच दिसायचं. भिंतींची ओल हाताला लागायची.

मग दादाला रोह्याच्या एका कंपनीत नोकरी लागली. घरात पेढे वाटले, मला मात्र रडू येत होतं. कंपनी, शिफ्ट, मग लग्न. आता कसला खेळतोय हा?

जायच्या आदल्या दुपारी त्याचा योद्धा भुयाराच्या तळाशी राक्षसासमोर उभा होता. दहाच्या वर पडलं तर जगणार, नाहीतर मेला. दादाने फासा टाकला. तो घरंगळत फळीवरून गेला आणि शाडू भिजत घातलेल्या पिंपात पडला. आम्ही कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. हाताला नुसता मऊ चिखल लागला. दादाने हात धुतले आणि बॅग भरायला गेला.

त्या पिंपातल्या मातीचे गणपती झाले, विकले गेले, विसर्जनही झालं. दादाला सुट्टी मिळाली नाही.

दिवाळीनंतर काकूबरोबर मी रोह्याला गेले. कॉलनीच्या मैदानावर कंपनीतल्या पोरांचा बँड वाजत होता आणि ड्रमवर दादा होता. समोर उभी राहिले तर आवाज छातीत शिरला. डोळे मिटले, तर भुयार तिथेच होतं, ओलं, अंधारं. मी मुद्दाम मिटूनच ठेवले.

गाणं संपलं तसा तो घामाने निथळत खाली आला. केवढा मोठा दिसत होता! आता घरच्यांची चौकशी करेल, असं मला वाटलं.

"भुयारातला माझा गडी जिता हाय ना गो?" त्याने विचारलं.



"फासा अजून थांबलाच नाय, दादा."

"मंग दुसरा फासा करू नको," तो म्हणाला आणि पुन्हा ड्रमवर जाऊन बसला.