चांदण्यात तोडलेला पलंग

माझ्या सासऱ्यांना मी पलंगावरून पाडलं. हाताने नव्हे, तत्त्वाने.

इतकी वर्षं ही हकिकत मी "पलंग मोडला" एवढ्या दोन शब्दांवर भागवत आलो. कशामुळे मोडला म्हणून कोणी विचारू लागलं, की मी चहाचं विचारायचो. आता केस पिकले, सासरे गेले. मनावरचं ओझं तेवढं तसंच राहिलं आहे. तेव्हा आज सगळं सांगून टाकतो.

त्या वेळी मी टाकवे बुद्रुकच्या शाळेत मास्तर होतो. एका रविवारी लोणावळ्याच्या एका बंगल्यात निसर्गोपचारावर व्याख्यान होतं, ते ऐकायला गेलो. (व्याख्यान फुकट होतं आणि नंतर लिंबाचं सरबत होतं.) वक्ते म्हणाले, "घरात लोखंड, रेक्झिन, प्लास्टिक शिरलं की आरोग्य मागच्या दाराने निघून जातं! बांबू आणा, गवत आणा, माती आणा!" सरबताचा दुसरा पेला संपेपर्यंत माझा निश्चय झाला होता.

घरी येऊन बायकोला, सुमनला, सांगितलं, "उद्यापासून घरात लोखंड नको."

"बरं," ती म्हणाली. "विळी टाकते. भाजी तुम्ही दातांनी चिरा."

विळी वाचली. तवा, सांडशी, खलबत्ता हेही वाचले. उरली एकच वस्तू: लोखंडी खाट.

आता ही खाट साधीसुधी नव्हती. माझे सासरे, नाना, रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी ती स्वतःच्या हातांनी केली होती. उशाच्या बाजूला पितळेच्या पट्टीवर 'सुमन' असं नावही ठोकलं होतं. खाट इतकी मजबूत, की तिच्यावर इंजिन निजवलं असतं तरी कुरकुरली नसती.

तीच मी दिली! सुमन चार दिवस माहेरी गेली होती, तेवढ्यात. (ती घरात असताना देण्याइतकं माझं तत्त्व मजबूत नव्हतं.)

गावावरच्या डोंगरातल्या वाडीत धोंडू राहायचा. बांबूकामात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. मी त्याला म्हटलं, "धोंडूभाऊ, ही खाट तू घे आणि मला बांबूचा पलंग करून दे. सुमन यायच्या आत."

धोंडूने आधी खाटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे आणि शेवटी आभाळाकडे. "गुर्जी, जरा दम धरा. आमुशाकडं तोडू. आत्ता चांदन्याचा पंधरवडा हाय. चांदन्यात येळू तोडत न्हाईत, भुंगा लागतो. आन् तोडल्यावर म्हैनाभर वढ्याच्या पान्यात भिजत घालाया लागतो."

"धोंडू, अरे चंद्र कुठं, बांबू कुठं? या सगळ्या अंधश्रद्धा आहेत!"

"आसंल बा. पर भुंग्याला त्ये कोन सांगनार?"

मी त्याला वीस मिनिटं विज्ञान समजावून सांगितलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं. (माझ्या शाळेतली पोरंही असंच ऐकत आणि पेपरात हवं ते लिहीत.) शेवटी तो म्हणाला, "तुमची मर्जी. पर लोखंड तुमाला वाईट, मंग आमाला चांगलं कसं वो?"

मी खाटेवरची धूळ झटकू लागलो. तोच म्हणाला, "जाऊ द्या. आमच्या म्हातारीला वल्या भुईवर निजवत न्हाई. आमी वाईटावरच वाढल्यालं हाओत."

तीन दिवसांत हिरवागार, देखणा पलंग तयार झाला. सुमन परतली. तिने पलंग पाहिला, रिकामा कोपरा पाहिला आणि मला पाहिलं.

"माझी खाट?"

"रंगवायला दिलीय," मी म्हणालो. आयुष्यात मी फार खोटं बोललेलो नाही. त्याचा सराव नसल्याचे परिणाम पुढे दिसले.

दोन महिने बरे गेले. (सुमन अधूनमधून "रंग वाळला का?" विचारायची. मी हवेत दमटपणा आहे म्हणायचो.) मग एका सकाळी पलंगाखाली पिवळसर पीठ दिसलं. मी ते झाडून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पीठ. आठवडाभरात मी सुमनच्या आधी उठून चोरून केर काढू लागलो. "एवढं कामाला लागलात, बरं वाटत नाही का?" तिने विचारलं.

नेमकं तेव्हाच नानांचं पत्र आलं. 'कंबर धरली आहे. मावळातली हवा चांगली. पंधरा दिवस येतो. आपल्या खाटेवर पडून राहीन.'

ते 'आपल्या खाटेवर' वाचून माझीच कंबर धरली.

नाना कामशेतला उतरले, बैलगाडीने टाकव्याला आले. आल्या आल्या पहिला प्रश्न, "खाट कुठाय?"

"रंगवायला," सुमन म्हणाली. "संक्रांतीपासून."

नाना बांबूच्या पलंगावर आडवे झाले आणि दोनच मिनिटांत उठून त्यांनी पलंगाच्या पायाला कान लावला. चाळीस वर्षं इंजिनांना लावलेला कान तो!

"जावईबापू, हा पलंग चालू आहे."

"म्हणजे?"

"आत काहीतरी फिरतंय. कुर्रर्र, कुर्रर्र. तेल घाला, नाहीतर बंद करा."

तिसऱ्या दिवशी दुपारी पुरणपोळ्या झाल्या. नाना चार पोळ्या जेवून कुशीवर वळले, आणि फट्‌ असा आवाज झाला! मी धावलो. पलंगाचे चारही पाय चार दिशांना पसरलेले. खोलीभर पिठाचा धुरळा आणि मधोमध भुरकटलेले नाना, शांतपणे छताकडे पाहत पडलेले.

"नाना! लागलं का हो?"

"गाडी घसरली," नाना म्हणाले. मग मिशीवरचं पीठ झटकून, "चला. खाटेचा रंग बघून येऊ."

मी ऊन फार असल्याचं सांगितलं. वाट चढाची असल्याचं सांगितलं. रंगारी परगावी गेल्याचंही सांगितलं. सुमनने नुसत्या माझ्या चपला आणून समोर ठेवल्या.

वाडीत धोंडूच्या अंगणात, आंब्याच्या सावलीला खाट होती. वर त्याची म्हातारी आई ऐसपैस निजलेली.

"रंग कुठाय?" नानांनी विचारलं.

"कसला रंग?" धोंडू म्हणाला. "गुर्जींनी दिली की मला! पलंगाच्या बदली. चांदन्यात तोडू नगा, तोडू नगा म्हनलं, तर म्हनले, चंद्राचा काय संबंध!"

अंगणातली कोंबडीसुद्धा माझ्याकडे पाहायला थांबली.

नानांनी खाटेचा एकेक नट चाचपला. सगळे घट्ट, खुरासणीचं तेल पाजलेले. पितळेची पट्टी चिंचेने घासून लखलखीत केलेली. म्हातारी उठून बसली. "ह्यावर लिवल्यालं वाचून समदी वाडी मला सुमनआजी म्हनती बगा. घ्या तुमची खाट, पर नाव ऱ्हाऊ द्या."

मी सुमनकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण ओठ हसत होते.

"निजा हो आजी," ती म्हणाली. "आमच्या घरात लोखंड चालत नाही."

नाना उरलेले बारा दिवस रोज दुपारी वाडीवर जात आणि म्हातारी नाचणी पाखडत असेल तेवढा वेळ त्या खाटेवर पडून येत. कंबर बरी झाली. जाताना धोंडूला म्हणाले, "आता अमावास्येकडे तोड. आणि भिजव नीट."

धोंडूने तसाच नवा पलंग करून दिला. तो अजून ठणठणीत आहे. त्यावर सुमन निजते; "हा जाणत्या माणसांसाठी आहे," असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं.

मी तेव्हापासून जमिनीवर निजतो. जमीन शंभर टक्के नैसर्गिक आहे, आणि ती कुठल्या पंधरवड्यात तोडली हेही विचारावं लागत नाही.