पायांच्या जागी दोन छड्या

मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली संध्या १९९३च्या मे महिन्यात धाकट्या बहिणीला, सविताला घेऊन सुरगाण्याला मावशीकडे निघाली होती. संध्या तेव्हा एकोणीस वर्षांची. घाटात जीप उलटली. सविता जागीच गेली. संध्या वाचली, पण मणक्याला मार बसला. उजवा पाय पूर्ण आणि डावा गुडघ्याखाली बधिर झाला. दोन महिन्यांनी ती घरी आली तेव्हा आईने सविताचे कपडे कुणाला तरी देऊन टाकले होते. कुणाला, ते संध्याने विचारलं नाही. ती रडलीही नाही.

उपचार सोपे जावेत म्हणून वडील, रंगनाथ, बदली मागून नाशिकरोडला आले. वर्षभरात संध्या कुबड्यांवर चालू लागली. मग एका एसटीडी बूथवर बसू लागली. काचेपलीकडे लोक फोनवर हसत, भांडत, कधी रडत. ती मीटरचे आकडे बघत राही. अशी सहा वर्षं गेली.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सुचवलं, की घोड्यावर बसून बघ, पाठ सुधारेल. देवळाली कॅम्पच्या बाजूला कोंडाजी नावाचे घोडदळातले निवृत्त दफेदार चार घोडी बाळगून होते. त्यांनी संध्याला दोघांच्या मदतीने मैनेवर बसवलं. मैना तपकिरी, पोक्त घोडी. संध्याचे पाय त्यांनी रिकिबीत रबरी पट्ट्यांनी अडकवले.

"पायानं इशारा करत्यात घोडीला," कोंडाजी म्हणाले. "तुझे पाय नाय चालत, तर दोन्ही हातांत छडी धर. इशारा कळला म्हंजे झालं. कशानं केला, हे ती नाय विचारत."

संध्या शिकली. ठरलेली वळणं, ठरलेली चाल, मैदानाच्या कडेला लावलेल्या अक्षरांच्या फलकांपाशी नेमकं थांबणं. या खेळाला ड्रेसाज म्हणतात हे तिला वर्षभराने कळलं. आवडतं का, असं कुणी विचारलं तर ती म्हणे, "जमतं."

२००४च्या जानेवारीत पुण्याच्या एका क्लबची स्पर्धा होती. अपंग स्वारांसाठी वेगळा गट नव्हता. कोंडाजींनी डॉक्टरांचा दाखला दाखवून दोन छड्यांची परवानगी मिळवली आणि तिचं नाव इतरांतच घातलं.

संध्या मैनेला घेऊन मैदानात शिरली, मधोमध थांबली आणि मान झुकवून सलामी दिली. अर्धा कार्यक्रम नीट झाला. मैना दुडक्या चालीत गोल घेत असताना मंडपाची ताडपत्री फडफडली. मैना बाजूला उसळली. कठड्यापाशी उभे असलेले रंगनाथ ओरडले. संध्याला खालचं काहीच कळत नव्हतं. पाय निसटलेत की आहेत, तेही नाही. घोडीच्या पाठीचा ताण तेवढा कमरेत जाणवला. लगाम न खेचता ती श्वास सोडत बसून राहिली. चार पावलांत मैना पुन्हा गोलावर आली.

बारा जणांत ती सातवी आली. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. तिने गुणांचा कागद घडी करून खिशात ठेवला.

परतताना नारायणगावला टेम्पो थांबला. कोंडाजी मैनेला पाणी पाजत होते. चहाच्या टपरीच्या बाकावर बापलेक दोघंच.

"कसं वाटलं गं?" रंगनाथांनी विचारलं.

"काही नाही."

"काहीच नाही?"

"घोडी घाबरली होती. तेवढं कळलं." मग तिने चहाचा कप खाली ठेवला. "आप्पा, त्या दिवशी सविता म्हणत होती, जीप भरली आहे, पुढची बघू. मीच हट्टाने चढवलं तिला."

रंगनाथांनी आपला कप तिच्या कपाशेजारी ठेवला.

"माहीत आहे मला. दवाखान्यात शुद्धीवर येताना तू तेच बडबडत होतीस."

"आईला?"

"तिलाही."

जवळजवळ अकरा वर्षं आई-आप्पा दोघांनाही माहीत होतं. संध्याला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. तिने उरलेला चहा संपवला. रंगनाथांनी कुबड्या पुढे केल्या आणि ती उठली.

त्यानंतर ती आणखी चार स्पर्धांत उतरली; एकदा तिसरी आली. एसटीडी बूथ बंद पडल्यावर ती कोंडाजींकडेच शिकवू लागली. घाबरलेल्या मुलांना ती धीर देत नसे. फक्त म्हणे, "बसून राहा. घोडी काय करते ते बघ."