फूट न् फूट

मार्गशीर्षातला दुसरा रविवार, सकाळी दहा. हजर : मी, नईमभाईंची मुलगी रेहाना आणि दुरुस्त करून आणलेला व्हीसीआर. काम : नईमभाई गेले, त्यांच्या माळ्यावरचे बिस्किटांचे बारा डबे उघडणं, आतल्या लग्नांच्या कॅसेटा पाहणं आणि ज्याच्या त्याला पोचवणं. यादी माझ्याकडे.

नईमभाई काहीही नाकापासून मोजायचे. एक टोक नाकाशी धरायचं, हात ताठ पसरायचा. "नाकापासून बोटापर्यंत तीन फूट. अल्लानं गज अंगातच दिलाय, ताई." ही सवय टॉकीजमधली. तिथं ते सिनेमाची मशीन चालवायचे. फीत तुटली की वाया गेलेला तुकडा असा मोजून वहीत लिहायचे. टॉकीज बंद पडली, मग लग्नाचं शूटिंग सुरू केलं.

माझ्या लग्नात मी त्यांना विचारलं, फुटेज फुटेज म्हणतात ते काय? "फूट, अजून काय! शिनेमाची फीत फुटावर मोजायची, जमिनीवानी. हजार फुटाचं रीळ, धा-अकरा मिनटं. कॅसेटीत फूट कोन मोजतंय? पन नाव चिकटलं ते चिकटलं."

आई शेजारीच होती. म्हणाली, "मंग माझं किती फूट झालं, भाऊ?" कॅमेरा चालूच होता.

दोन वर्षांनी आई गेली. आमच्याकडची प्रत बुरशीनं खाल्ली. आईचा आवाज उरला तो फक्त त्यांच्याकडच्या मूळ कॅसेटमध्ये. दर ईदला मी शीरखुर्म्याला जायची आणि विचारायची. "हाय ना, ताई. फूट न् फूट हाय. मशीन तेवढी नीट होऊ द्या." मशीन कधीच नीट झाली नाही. तरी मी शंका घेतली नाही. जो माणूस तुटलेल्या तुकड्याचाही हिशोब ठेवायचा, त्याच्यावर कसली शंका घ्यायची?

माझ्या नावाचा डबा पहिला घेतला. कॅसेट लावली. पडद्यावर पैठणचं लग्न. अनोळखी नवरी. तिची आई कॅमेऱ्याकडे बघून म्हणतेय, "अहो भाऊ, आधी जेवून घ्या की!" ते लग्न संपलं आणि शेवटी थोडीशी माझी पाठवणी आली. जीप, धूळ, हलणारे हात. आई तेव्हा रडू लपवायला आत गेली होती.

रेहाना खाली बघून म्हणाली, "अब्बांना माहीत होतं, ताई. ऐन सीझनमध्ये कोरी कॅसेट मिळाली नाही, तुमच्याच कॅसेटवर ते लग्न घेतलं. तुम्ही येऊन गेलात की ते त्या दिवशी जेवायचे नाहीत."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही यायचं बंद कराल म्हणून."

बंद केलंच असतं. ते गेल्यावर हे कळलं, म्हणजे भांडायचीही सोय त्यांनी ठेवली नाही.

बाकी अकरा डब्यांत ज्याचं त्याचं लग्न निघालं. सगळे पोचते केले, यादीत खुणा केल्या. पैठणच्या नवरीचा नंबर रेहानानं अब्बांच्या डायरीतून काढून दिला. तिची आईही आता नाही, असं कळलं.

क्रमांक एक : पैठणला फोन करणं, तुमच्या आईचा आवाज माझ्याकडे आहे असं सांगणं.

याच्यापुढं खूण अजून केलेली नाही.